मुलाखतीपुरती थांबलेली करवत

धाकटीची मुलाखत होती म्हणून मामाने करवत बंद ठेवली होती. मामा सुतार. त्याचं दुकान तळमजल्यावर, वर बहीण आणि ही धाकटी भाची. गिऱ्हाइकाच्या दरवाजाची चौकट अर्धवट कापून तो बाकावर गप्प बसला होता. वर धाकटीची आईसुद्धा भांड्याला भांडं लागू देत नव्हती.

संशोधनाच्या जागेसाठी धाकटी वर्षभर अर्ज करत होती. जागा एक आणि मागणारे मुंग्यांसारखे. सुरुवातीला ती प्रत्येक प्रयोगशाळेचं काम मन लावून वाचायची. नकार येत गेले तसं तिचं मन उडालं. मग पाठ केलेलंच सगळीकडे म्हणायला लागली.

लॅपटॉपवरच्या बाईंनी विचारलं, आमचं कुठलं काम आवडलं? धाकटी भडाभडा बोलली. भिंतीवरची बुरशी, तिची वाढ मोजायची पद्धत. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चांगलं काम आहे ते," त्या म्हणाल्या. "पण ते आमचं नाही. आम्ही शेवाळावर काम करतो."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं धाकटीला झालं.

ती खाली आली तेव्हा मामाने विचारलं, कसं झालं? बरं झालं, असं तिच्या तोंडून निघून गेलं. तेवढ्यात चौकटीचं गिऱ्हाईक आलं आणि अर्धवट काम बघून त्याने मामाला चार माणसांत फैलावर घेतलं. मामा खाली मान घालून ऐकत राहिला, पण भाचीचं नाव काही त्याने काढलं नाही. दाराआड उभ्या धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने सगळं सांगून टाकलं. आत्ता खोटं बोलले, तेही.

"म्हणजे एकाच्या मांडवात जेवलीस आणि दुसऱ्याच यजमानाचे आभार मानून आलीस," मामा म्हणाला. पण हसू त्यालाही आलं नाही.

सोमवारी दुसऱ्या एका प्रयोगशाळेची मुलाखत आहे, ती रद्दच करते, ती म्हणाली. आपल्याच्याने आता होत नाही.

"नकारांमुळे होत नाही, की कंटाळा आलाय?"

"कंटाळा," ती शेवटी म्हणाली. "वाचून तरी काय उपयोग, असं वाटायला लागलं मामा."

"ते तुझं तू बघ. मला एवढंच सांग, सोमवारी काम थांबवू की नको?"

ती वर गेली. सोमवारच्या लोकांचा लेख उघडला. पहिलं पानच दोनदा वाचावं लागलं. दिवे लागायच्या सुमारास ती खाली उतरली.

"थांबव," ती पुटपुटली. "आणि चौकटवाल्यांना मी सांगून येते, उशीर माझ्यामुळे झाला म्हणून."

"जा. पण घर नीट विचारून जा बाई. नाहीतर तिथेही भलत्याच्याच दारात उभी राहून माफी मागशील."

ती निघाली. वाटेत ओळखीचं कुणी भेटू नये, एवढंच तिला वाटत होतं.