ब्रेकमधले दहा थेंब

चाकं दोन, गिअर चार, आरसा एक आणि गादीवर तीन ठिगळं. मित्रांनो, तामलवाडीच्या माणिकप्पांच्या अंगणातली शंभर सीसीची जुनी मोटारसायकल ती मीच. सत्तावीस वर्षांपूर्वी कारखान्यातून निघाले, तेव्हा माझ्या काळ्या टाकीत चेहरा दिसायचा. पंधरा वर्षं मी दुधाचे कॅन तुळजापूरला पोचवले. “लई इमानी हाय,” असं माणिकप्पा चारचौघांत सांगायचे. मग घरी टेम्पो आला आणि माझ्या अंगावर कडब्याच्या पेंढ्या पडू लागल्या.

त्यांतून मला बाहेर काढलं ते त्यांच्या मुलीनं, शिवलीलानं. ती बी.एस्सी. झाली होती. गावोगावी जाऊन मातीचे नमुने गोळा करायची नोकरी तिला मिळत होती. अट एकच, गाडी चालवता यायला हवी. शिकाऊ परवाना काढून, वडिलांना मागे बसवून ती रोज मला चालवू लागली. पण मागचा ब्रेक दाबला की मी अशी किंचाळायचे, की पारावरची पोरं विचारायची, “ताई, हॉर्न नवा बसवला का?” आम्हा दोघींनाही मान वर करवत नसे.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची आणि गाड्यांची पूजा असते. “समद्या लोखंडाला तेलाचं बोट लाव गं,” शिवलीलाची आई लक्ष्मम्मा म्हणाल्या. शिवलीलानं साखळीला तेल दिलं. मग इकडेतिकडे पाहून पिचकारीनं दहा थेंब ब्रेकच्या ड्रममध्येही सोडले. माझं किंचाळणं थांबलं. खरं सांगते, मला बरंच वाटलं. त्याचीच आज सर्वांत जास्त लाज वाटते.

दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या म्हाळसाबाई झेंडूची पाटी घेऊन रस्ता ओलांडत होत्या.

“ब्रेक, पोरी, ब्रेक!” माणिकप्पा ओरडले.

“दाबलाय की, अप्पा!”

चाक फिरतच राहिलं. माझा धक्का लागून म्हाळसाबाईंचं मनगट मोडलं.

“गाडी म्हातारी झाली, चूक माझीच,” असं म्हणत माणिकप्पांनी त्यांच्यापुढे हात जोडले. शिवलीला खाली वाकून सांडलेला झेंडू वेचत राहिली. खरं सांगायला मला तर तोंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्यानं माझं हँडल धरलं, तेव्हा ती पुढे आली.

“थांबा. अप्पा, गाडीचा दोष नाही. आवाज बंद व्हावा म्हणून मी ड्रममध्ये तेल सोडलं.”

“ब्रेकमधी तेल? अन् कॉलेजात काय शिकलीस?”

“घर्षण शिकले, अप्पा. पण पोरं हसत होती.”

माणिकप्पांनी भंगारवाल्याला हातानंच जायची खूण केली. “आदी म्हाळसाबाईला सांग. मग गाडीचं बघू.”

तिनं सांगितलं. म्हाळसाबाई म्हणाल्या, “हात बरा होईस्तोवर माझं पाणी तू भरायचं. अन् पायी, गाडीवर न्हाय!”

मिस्त्रीनं ड्रम उघडला, आतली धूळ आणि तेल पुसलं, ड्रमला घासून चाक थांबवणारे नवे लायनर घातले. मित्रांनो, आम्ही यंत्रं उगीच ओरडत नाही. आमचं तोंड बंद करण्याआधी आमचं काय दुखतं ते उघडून पाहा.

परवान्याच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी शिवलीलानं शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ मारली आणि टेप घेतला. वेग ताशी पंचवीस किलोमीटर, जमीन कोरडी, मागे माणिकप्पा. रेघेवर ब्रेक दाबून थांबेपर्यंतचं अंतर, तीन वेळांची सरासरी: सात मीटर वीस सेंटिमीटर. आता मी एवढ्यात थांबते, तेही न किंचाळता.