चौदा लॅपटॉप आणि काळी दोन

डॉक्टरांनी पप्पांच्या घशाचा फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवला आणि सांगितलं की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं, की आम्ही सगळ्यांनी ‘बरं’ म्हटलं. दुकानदाराने निळ्यात मिळेल, हिरव्यात संपलंय म्हटल्यावर आपण म्हणतो ना, तसं. ऑपरेशनची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली, कारण रांग होती. एवढ्या लोकांना आवाज काढून घ्यायचाय हे मला माहीत नव्हतं.

माझे पप्पा, सीताराम, खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. नोकरी पोटासाठी, बाकी सगळा माणूस गाण्यासाठी. विश्रांतवाडीपासून लोणी काळभोरपर्यंत जिथे जयंती असेल तिथे चाळीस वर्षं त्यांची गायन पार्टी भीमगीतं गायली. एक पेटी, एक ढोलकी आणि दोन कोरसवाले. दोघांपैकी एक नेहमी जेवायला गेलेला असायचा. पप्पांनी स्वतः रचलेली एकतीस गाणी एका वहीत आहेत. वहीत फक्त शब्द. चाली गळ्यात. आणि गळा आता सहा आठवड्यांनी तपासणीच्या बरणीत.

रेकॉर्डिंग म्हणावं तर लोकांच्या फोनवर जयंतीच्या तीन क्लिपा होत्या. तिन्हींत समोरचा डीजे स्वच्छ ऐकू येतो आणि स्टेजवर एक ठिपका हात हलवतो. ते पप्पा आहेत हे आम्हाला माहीत आहे, म्हणून ते पप्पा आहेत.

आईने एकच गोष्ट मागितली. माझी आई, कांताबाई, सहसा काही मागत नाही. तिने मागितलं की आम्ही घाबरतो. ती म्हणाली, “बाकीचं तुमचं तुम्ही बघा. ते सतरा नंबरचं तेवढं धरून ठेव.”

सतरा नंबरचं गाणं तिच्यावर आहे. पप्पांनी ते कधी स्टेजवर म्हटलं नाही. फक्त सकाळी दाढी करताना, बाथरूमचं दार लावून. आईने तीस वर्षं ते दाराच्या या बाजूने ऐकलंय, त्यामुळे मधलं कडवं तिला नळाच्या आवाजासकट पाठ आहे. दोघांनी या विषयावर कधी चर्चा केली नाही. आमच्या घरात प्रेमाला कडी होती.

मी म्हणालो, करतो.

मी खराडीला एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे. म्हणजे लोकांना कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायला सांगतो आणि त्याचा पगार घेतो. घरात मला इंजिनियर म्हणतात. पप्पा जरा जास्तच म्हणतात.

माझी थोरली बहीण आम्रपाली शाळेत शिकवते. तिचं मत होतं की फोन काढायचा, पप्पांसमोर धरायचा, बटण दाबायचं, पाच मिनिटांचं काम. मी तिला समजावलं की फोनवर लोक वराती रेकॉर्ड करतात. आवाज एकदाच मिळणार, तो नीट घ्यायचा. पप्पाही माझ्या बाजूने होते. तरुणपणी एकदा कुणीतरी त्यांची कॅसेट काढली होती. त्यात टेप संपली म्हणून शेवटचं कडवं अर्ध्यावर कापलेलं, आणि उरलेल्या कडव्यांना बुरशी लागली. तेव्हापासून ‘नीट’ या शब्दावर त्यांची श्रद्धा होती.

तर मी नीट करायला घेतलं.

पहिल्यांदा पुष्करला विचारलं. पुष्कर माझ्या ऑफिसमधला. कोथरूडला त्याच्या खोलीत होम स्टुडिओ आहे. भिंतीला फोम, दोन स्पीकर, तीन की-बोर्ड, सगळं आहे. गाणं नाही. सहा वर्षांत त्याने एकही गाणं केलेलं नाही, कारण सेटअप अजून पूर्ण व्हायचाय. हे ऐकून मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. उलट मी लिहून घ्यायला वही काढली.

पुष्करने सांगितलं की रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आधी ठरवायचं आणि मग त्याला झेपेल तो कॉम्प्युटर, असं लोक म्हणतात. पण कॉम्प्युटर आधी घेतला तर सॉफ्टवेअर आपोआप ठरतं, असंही लोक म्हणतात. दोन्ही बाजूंचे लोक इंटरनेटवर होते आणि एकमेकांच्या आयांपर्यंत गेले होते. मॅक घ्यावा तर गॅरेजबँड नावाचं सॉफ्टवेअर फुकट येतं. म्हणजे म्हैस घेतली की दावं फुकट. रीपर नावाचं दुसरं साठ दिवस फुकट वापरून बघता येतं. पप्पांकडे बेचाळीस होते, त्यामुळे ते एक जमेची बाजू म्हणून मी लिहून ठेवलं. रॅम किती, तर आठ जीबीत पप्पांचा आवाज मावेल, पण मागे कोरस टाकला तर? पंखा असलेला लॅपटॉप घरघर करतो, ती घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. आणि लेटन्सी, म्हणजे आपण गायलेलं आपल्यालाच हेडफोनमध्ये जरा उशिरा ऐकू येतं. पप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले की त्यांच्या बाबतीत हे चाळीस वर्षं चालूच आहे, ते आज गातात आणि लोकांना पुढच्या जयंतीला कळतं.

मी एक्सेल शीट केली. उभे चौदा लॅपटॉप, आडवी सहा सॉफ्टवेअर, प्रत्येक चौकटीत दहापैकी मार्क. शीट इतकी छान झाली, की पुष्करने ती मागून घेतली.

मधे एक वाट होती. ऑफिसचा लॅपटॉप चांगला आहे, पंखाही शांत. पण त्यावर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला आयटी सपोर्टची परवानगी लागते. मी रीतसर अर्ज टाकला. तो माझ्याकडेच आला. कारण वाचलं, ‘घरगुती संगीत’, आणि नियमाप्रमाणे नामंजूर केला. वाईट वाटलं, पण अर्जदाराचा कागद कच्चा होता.

मग चाचणी म्हणून आम्रपालीच्या जुन्या लॅपटॉपवर रीपर टाकलं आणि पुष्करचा माइक आणला. तो माइक इतका तल्लख निघाला, की त्यात खालच्या मजल्यावरच्या गोदाबाईंची शिट्टी ऐकू आली. कुकरची. वर लोहगावला उतरणारी विमानं. मी विमानांचं टाइमटेबल काढलं. दोन विमानांच्या मधे सरासरी सात मिनिटं मिळत होती, त्यात कुकर नको, मिक्सर नको, भाजीवाला नको. पप्पा खुर्चीत ताठ बसायचे, कानाला हेडफोन, जसं काही त्यांनाच उडायचंय.

आता पप्पांचा एक जुना नियम सांगायला हवा, कारण सगळं तिथेच गेलं. कार्यक्रमाआधी चार दिवस ते आवाज जपायचे. दही बंद, तोंडात ज्येष्ठमध, आणि बोलायचं नाही. काय हवं ते पाटीवर लिहायचं. ‘चहा.’ ‘पंखा.’ ‘कोण मेलं?’ पार्टीतले सगळेच असं करायचे, पण पाटी फक्त पप्पांकडे. माझी बालवाडीतली.

मी त्यांना म्हणालो की आपला सेटअप होईपर्यंत आवाज जपा. त्यांना ते लगेच पटलं. त्यांच्या दृष्टीने कार्यक्रम जवळ आला होता, आयुष्यातला मोठा, आणि या वेळी टेप संपणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून नुसता नळाचा आवाज आला. आई दाराशी टॉवेल घेऊन उभी होती. ती तशीच उभी राहिली, मग टॉवेल कडीला लावून स्वयंपाकघरात गेली.

चार आठवडे आमच्या घरात कुणी गुणगुणलं नाही. इतकं शांत घर रेकॉर्डिंगला उत्तम होतं, असं मी शीटमध्ये लिहिलंय.

आम्रपाली दर रविवारी यायची आणि विचारायची, झालं का. मी तिला उरलेले पर्याय दाखवायचो. चौदाचे सात झाले, सातांचे तीन झाले, मग नवीन मॉडेल बाजारात आलं आणि तीनचे परत पाच झाले. एका रविवारी ती पप्पांसमोरच म्हणाली, “तुला पप्पांचा आवाज नकोय. तुला लॅपटॉप हवाय.” पप्पांनी पाटीवर लिहिलं, ‘भांडू नका. माइक चालू आहे.’ माइक बंद होता. त्यांना तो नेहमी चालूच वाटायचा.

शेवटी पाचव्या आठवड्यात मी निवड केली. बिनपंख्याचा लॅपटॉप, सोळा जीबी रॅम, सॉफ्टवेअर रीपर. साडेआठ मार्क. ऑर्डर टाकली, तीन दिवसांत येणार होता. ऑपरेशनला नऊ दिवस होते. तीन वजा जाऊन सहा, त्यात एकतीस गाणी. रोज पाच, सतरा नंबर पहिलं. हे मी पप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाटी पुसली, जरा विचार केला आणि लिहिलं, ‘सूर काळी दोन.’ पेटीची दुसरी काळी पट्टी, त्यांची कायमची पट्टी. लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलचा फोन आला. एका पेशंटचं ऑपरेशन पुढे गेलं होतं, त्यामुळे जागा झाली होती. आज भरती, उद्या सकाळी पहिला नंबर. मी म्हणालो, ठरल्याप्रमाणे सहा दिवसांनी नाही का चालणार? पलीकडच्या बाईंनी विचारलं, काही अडचण आहे का? मी विचार केला की काय सांगू. लॅपटॉप वाटेत आहे.

संध्याकाळी वॉर्डात आम्रपालीने फोन काढला आणि पप्पांसमोर धरला. आईने वही उघडून सतराव्या पानावर बोट ठेवलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने आपणहून रेडिओ बंद केला. पप्पा उठून बसले, डोळे मिटले, पेटी नव्हती तरी हाताने पट्टी दाबली आणि ‘सा’ लावला.

हवा आली. नुसती हवा, सायकलच्या ट्यूबमधून येते तशी. त्यांनी परत लावला, परत हवा, मग खोकला. नर्स धावत आली आणि रागावली, की गाठ वाढलीये, आवाज कधीच बसलाय, ताण देऊ नका. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, कधीपासून बसलाय? आम्हाला सांगता येईना. चार आठवडे कुणी ऐकलाच नव्हता. फ्रीजमध्ये जपून ठेवलेली कोथिंबीर पाहुणे आल्यावर काढावी, तसं झालं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लॅपटॉप घेऊन आलेला माणूस आमच्या दाराशी उभा होता, म्हणाला, घरी कुणी नाही का सर. गोदाबाईंकडे द्या म्हटलं. तो म्हणाला ओटीपी सांगा. मी वॉर्डाच्या मधोमध उभा राहून सहा आकडे सांगितले. त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून परत मोठ्याने सांगितले. आमच्या कुटुंबाचा त्या दिवसाचा सर्वात स्पष्ट आवाज तो.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पप्पा वाचले. नवीन पाटी आणावी लागली नाही, होतीच.

घरी आल्यावर मी जुन्या लॅपटॉपमधल्या चाचणीच्या फाइली तपासल्या. बारा होत्या. अकरांत विमानं. ‘टेस्ट ७’ मध्ये नऊ सेकंद पप्पा होते. आधी खुर्ची वाजते. मग पप्पा म्हणतात, “माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन.” मग जरा थांबून, “गाऊ का?” आणि मग माझा आवाज, अगदी स्वच्छ, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झमध्ये, “आत्ता नको. जपा.”

मी माझं वाक्य कापून टाकलं. रीपरमध्ये ते सोपं आहे. पण मग ‘गाऊ का’ नंतर नुसती शांतता राहते, आणि ती जास्त वाईट आहे. म्हणून परत जोडलं.

दोन महिन्यांनी गळ्याला लावायचं यंत्र घ्यायला गेलो. टॉर्चसारखं असतं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते एकाच सुरात घूं करतं, आणि माणसाने ओठ हलवले की त्या घूंचे शब्द होतात. काउंटरवरच्या बाईंनी तीन मॉडेल समोर मांडली आणि फरक सांगायला लागल्या. आईने आणि पप्पांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, पहिलं द्या. बाई म्हणाल्या, बाकीची बघून तर घ्या. मी म्हणालो, पहिलं. आम्रपाली खिडकीबाहेर बघायला लागली.

घरी आठवडाभर पप्पांनी सराव केला. नीट कळणारं पहिलं वाक्य त्यांनी मला उद्देशून उच्चारलं. “इंजिनियर. हा सूर कुठला?”

आवाज पप्पांचा नव्हता, कुणाचाच नव्हता. पण प्रश्न त्यांचा होता. मी नवीन लॅपटॉप उघडला. खरंच चांगला आहे, आवाज अजिबात करत नाही. रीपरमध्ये सूर मोजायची सोय असते. यंत्राचा सूर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत होता. असा सूर पेटीत नसतोच. हे ऐकून पप्पांचा चेहरा पडला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा इतका पडला. गळ्याला भोक चालेल, पण बेसूर?

यंत्राला खाली बारीक चाक होतं. मी दुपारभर बसलो. केसाएवढं फिरवायचं, बटण दाबायचं, स्क्रीनवर काटा बघायचा, परत फिरवायचं. पप्पा न कंटाळता समोर बसून घूं करत राहिले. संध्याकाळी काटा बरोबर काळी दोनवर थांबला. मी चाकावर टेप लावली, म्हणजे हलायला नको.

मग माइक लावला. डोक्यावरून एक विमान जात होतं. पप्पांनी यंत्र गळ्याला टेकवलं.

“गाऊ का?”

मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि मान हलवली.

आई मधल्या दारात उभी होती. तिने हाताने ‘थांबा’ केलं, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, बाहेर आली, मधलं दार ओढून घेतलं आणि पलीकडे उभी राहिली. दाराखालच्या फटीत तिची पावलं दिसत होती.

पप्पांनी सतरा नंबरचं पूर्ण गाणं म्हटलं. मधलं कडवंही. चार मिनिटं दहा सेकंद. टेप संपली नाही, कुकर वाजला नाही, पंख्याची घरघर कुठेही नाही.

रेकॉर्डिंग अतिशय नीट आलंय. सूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत काळी दोन. एकदाही हलला नाही.