कंप्युटरबाईंचे अपग्रेड

"बंद कर ते! बंद कर म्हणतोय ना!"

सलाइनचा लोखंडी स्टँड दारावर आपटत तो आत घुसला. काच खळकन फुटली.

कंप्युटरबाई स्विचबोर्डाला पाठ लावून उभ्या राहिल्या. रुग्णालयाचे सगळे रिपोर्ट साठवणाऱ्या सर्व्हरवरची जुनी लिनक्स प्रणाली काढून नवी आवृत्ती चढवण्याचे काम त्यांनी दुपारच्या सुट्टीत सुरू केले होते. निम्म्या फायली नव्या झाल्या होत्या, निम्म्या जुन्याच होत्या. आता वीज गेली असती, तर यंत्र ना जुने राहिले असते, ना नवे.

"माझी बहीण तिकडे टेबलावर पडलीय. मागचा रिपोर्ट बघितल्याशिवाय सर्जन हात लावत नाही. आणि इथे तुझं हे काय चाललंय?"

"दादा, रिपोर्ट याच्यातच आहे. वीस मिनिटं द्या. आत्ता बंद केलंत तर दोन दिवस मिळायचा नाही."

"कसली वीस मिनिटं? मेलंय तुझं डबडं!"

यंत्राचा पडदा खरोखरच थांबला होता. यंत्राने विचारले होते: बाईंनी नऊ वर्षांपूर्वी लिहिलेली फाइल ठेवायची, की नवी घ्यायची? रिपोर्ट कुठे ठेवलेत, ते फक्त त्या जुन्या फाइलीत होते.

"मेलं नाही, माझ्या उत्तरासाठी थांबलंय. कीबोर्डपाशी जाऊ द्या मला."

"येडा समजतेस?"

तो स्विचकडे झेपावला. बाईंनी उजव्या तळव्याने स्विच झाकला. स्टँड त्या हातावर बसला. मग पुन्हा बसला. हाड मोडल्याचे त्यांना ऐकू आले. हात त्यांनी काढला नाही.

तेवढ्यात दोन रखवालदार धावत आले. त्यांनी त्याला खाली पाडले आणि लाथांनी तुडवायला सुरुवात केली. बाई कीबोर्डपाशी गेल्या. डाव्या हाताने एक कळ दाबली: जुनीच ठेव. ओळी पुन्हा धावू लागल्या.

"मारू नका त्याला."

"मॅडम, हात बघा तुमचा!"

"बघितला. रिपोर्ट न्यायला माणूस लागेल."

अठराव्या मिनिटाला यंत्र नव्याने सुरू झाले. छापलेला कागद बाईंनी स्वतःकडेच धरला. नाव आणि वय विचारल्याशिवाय द्यायचा नाही, असा नियम होता.

"रुग्णाचं नाव?"

त्याने फुटलेल्या ओठांनी सांगितले.

"वय?"

"तेवीस. नाही, चोवीस. काल झाली."

रिपोर्ट महिन्यापूर्वीचा होता. त्यावरचे तेवीस बरोबर होते. बाईंनी कागद डाव्या हाताने पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.