हिंगणदऱ्याच्या डोणीची जबानी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोण आहे. डोण म्हणजे जनावरांनी पाणी प्यावं म्हणून कोरलेला लांबट दगड. हे तुम्हाला फोड करून सांगावं लागतं, यातच माझं निम्मं दुःख आलं. तुमच्या पणजोबांना सांगावं लागलं नसतं.

माझा जन्म जळकोट तालुक्यातल्या हिंगणदरा गावी, गायरानावर झाला. गायरान ही गावाने गुराढोरांच्या चरण्यासाठी राखलेली जमीन. तिथल्याच काळ्या खडकातून एका वडाराने सतरा दिवस छिन्नी चालवून मला बाहेर काढलं. त्याची बायको भाकरी घेऊन यायची आणि अजून किती दिवस लागतील म्हणून विचारायची. "दगूड सांगंल," एवढंच तो म्हणायचा. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. चार हात लांब, हातभर खोल, एका वेळी डझनभर मेंढरांनी तोंड घालावं अशी मी झाले.

मला करवून घेतलं ते आमच्या गावचे शेतकरी संगमेश अप्पा यांच्या पणजोबांनी, निजामाच्या काळात. त्याचं असं झालं, दिवाळी सरली की दरसाल देगलूरच्या पलीकडून, तेलंगणाच्या शिवेवरून, धनगरांचं एक कुटुंब दोनशे मेंढरं घेऊन गावात यायचं. दिवसा मेंढरं गायरानावर चरायची आणि मुक्कामाला शेतकऱ्यांच्या रानात बसायची. त्या लेंडीखताने जमिनीला असा कस आला की ज्वारीचं कणीस मुठीत मावेना. पणजोबा खूश झाले आणि त्यांनी पाहुण्या जनावरांच्या पाण्यासाठी गायरानातल्या विहिरीशेजारी मला बसवलं.

तेव्हापासून एक रीत पडली. धनगरं आली की आधी मला राखेने घासायची आणि विहिरीतून पहिला पोहरा काढून माझ्यात ओतायची. मग अप्पांच्या घरचं कुणी जाणतं माणूस माझ्या काठावर हळदकुंकू वाहून मूठभर ज्वारी ठेवायचं. एवढं झाल्याशिवाय एकही मेंढरू गवतावर पाय ठेवत नसे. आषाढापासून दिवाळीपर्यंत गावाने गवत राखलेलं असे. गावातल्याही कुणाचा बैल तिकडे फिरकला तर दुसऱ्या दिवशी चारचौघांत त्याला ऐकून घ्यावं लागे. माझ्यात पाणी पडलं की चराई उघडली. त्यासाठी कधी अर्ज लागला नाही, शिक्का लागला नाही. पन्नास पावसाळे हे सुरळीत चाललं, पुढेही चाललं.

नाही म्हणायला दिवस पालटले. युरिया आला, ट्रॅक्टर आले, गावची गुरं कमी झाली. गायरानाच्या एका कोपऱ्यात टॉवर उभा राहिला, दुसऱ्या कोपऱ्यातून रस्ता गेला. रिकामटेकड्या पोरांनी माझ्या अंगावर बदाम कोरले. पण नागम्मा येत राहिली. ती त्या धनगर कुटुंबात सून म्हणून आली तेव्हा मला घासताना तिच्या बांगड्या वाजायच्या. नवरा गेल्यावर बांगड्या गेल्या, पण मेंढरं तिने सोडली नाहीत. संगमेश अप्पाही दरसाल येऊन हळदकुंकू वाहायचे. त्या दोघांमुळे मी डोण राहिले.

आता जे सांगते ते नीट ऐका. तीन वर्षांपूर्वी माघ महिन्यात गायरानावर एक जीप आली. देशभरातल्या चराऊ जमिनी आणि त्यांवर जगणारे मेंढपाळ यांच्यासाठी म्हणे राष्ट्रीय धोरण ठरत होतं. त्या समितीकडून श्रद्धा नावाची मुलगी पाहणीला आली होती. पोरगी गुणाची. मातीत बसली, नागम्माच्या हातची भाकरी खाल्ली, वहीत भरभर लिहीत गेली. मग तिने विचारलं, "आजी, तुम्ही वर्षानुवर्षं इथे मेंढ्या चारता याचा काही कागद आहे का?"

"कागद मेंढरं खातेत, लेकी. आमी ठिवीत न्हाई."

"पण पुरावा लागेल ना. ज्या जमिनीच्या वापराचा पुरावा नसेल ती पडीक म्हणून यादीत जाईल. मग ती सरकार कुणालाही देऊ शकतं."

नागम्माने माझ्याकडे बोट दाखवलं. "मंग ही काय हाय? बग हिचे काठ. आमच्याच मेंढरांनी चाटून चाटून गुळगुळीत केलेत."

श्रद्धाने माझ्या काठावरून हात फिरवला आणि तिचे डोळे चमकले. महिन्याभराने लातूरला मोठी कार्यशाळा होती. दिल्लीहून माणसं येणार होती. ही डोण तिथे मांडली तर सगळ्यांना पटेल, मग गायरानाला कुणी हात लावणार नाही, असं ती म्हणाली. दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

अप्पा मात्र तयार नव्हते. "मॅडम, फोटू काढा, व्हिडिओ काढा. डोण जागची हलवू नका. ती हितं हाय म्हणून ती डोण हाय."

"जाऊ द्या अप्पा," नागम्मा म्हणाली. "मी कवरोक तोंडानं सांगत राहू? मोठ्या सायबाला डोळ्यानं दिसल तर दिसल." आणि तिने संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

चूक झाली ती इथे, आणि ती तिनेच केली. माणसाच्या शब्दाला किंमत नसली तरी दगडाला असेल असं तिला वाटलं. तिला मी दोष देत नाही. पण राग येतो. दगडाला राग येत नाही असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल, ते पुसून टाका.

जेसीबीने मला उचललं आणि टेम्पोत घातलं. लातूरच्या एका अभ्यास केंद्राच्या दारात मला बसवलं आणि माझ्यात पाणी भरून वर गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. येणारे पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते. आत पडद्यावर रंगीत नकाशे दाखवणं चाललं होतं. एका साहेबांनी नवी शिफारस मांडली की पावसाळ्यात गवत राखावं आणि नंतर ठराविक काळ चराई उघडावी. टाळ्या झाल्या. दार उघडं असल्याने मला सगळं ऐकू येत होतं. आमच्या गावाने ज्यासाठी कधी नारळही फोडला नव्हता, त्यासाठी तिथे शाली वाटल्या गेल्या.

नागम्मालाही शाल मिळाली. ती बसने आली होती, धुतलेलं लुगडं नेसून, आदल्या दिवसापासून मनात बोलणं जुळवत. तिला बोलायची वेळ दिली होती जेवणानंतर, समारोपाच्या आधी. जेवणं लांबली. ती माइकपाशी पोचली तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "वेळेअभावी आपण थांबू या. आजींच्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत." तिने तोंडही उघडलं नव्हतं. ती खाली आली, बाहेर येऊन माझ्यातल्या पाकळ्या हाताने बाजूला सारल्या, तोंडावर पाणी मारलं आणि बसस्टँडची वाट धरली.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. टेम्पोची मंजुरी आली नाही. श्रद्धाचा करार संपला आणि ती पुण्याला गेली. माझ्यात पाणी साचून राहिलं, त्यात डास झाले. पावसाळ्याच्या तोंडावर डेंग्यूची मोहीम निघाली, तेव्हा तपासणीला आलेल्या माणसाने साचलेलं पाणी हटवा म्हणून बजावलं. केंद्राच्या व्यवस्थापकांनी माळ्याला सांगितलं, माळ्याने ड्रिल मशीन आणलं आणि माझ्या बुडाला अंगठ्याएवढं भोक पाडलं. मग माझ्यात माती भरून क्रोटनची झाडं लावली. यात कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, मित्रांनो. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं.

त्याच साली भाद्रपदात हिंगणदऱ्याच्या गायरानाचा पंचनामा झाला. हे मला कळलं ते मार्गशीर्षात, जेव्हा नागम्मा आणि अप्पा मला शोधत केंद्रावर आले. क्रोटनमुळे नागम्माने मला आधी ओळखलंच नाही. मग काठावरून हात फिरवला आणि माझ्यापाशीच मातीत बसली.

"काय झालं गं तुझं?" ती मलाच विचारत होती.

व्यवस्थापकांना अप्पा सांगत होते, "भादव्यात आले पंचनाम्याला. भादव्यात मेंढरं कुठून दिसतील? तवा ती तिकडं देगलूरकडं असतेत. लेंड्या पावसानं वाहून गेल्या. म्हणले पाणवठा दाखवा. विहीर हाय, पर डोण तुमच्याकडं. मग लिहिलं, जनावरांचा वावर आढळला न्हाई. आता गायरान पडीकाच्या यादीत गेलंय, सोलरवाले खांब रोवून राहिलेत. फेरपाहणी मागितलीय आम्ही. डोण जागेवर दिसली तरच काही व्हईल."

व्यवस्थापक सज्जन होते. त्यांनी चहा मागवला. पण मी आता प्रदर्शन वस्तू क्रमांक बेचाळीस होते, आणि वस्तू बाहेर जायची तर वरून आदेश हवा. नागम्माचा अंगठा मला द्यायला पुरला होता, परत न्यायला पुरेना. अर्ज झाले. पुण्याहून श्रद्धाने फोन केले, पत्रं लिहिली, एकदा स्वतः रजा काढून आली आणि दिवसभर बाकावर बसून राहिली. नागम्मा तिच्यावर चिडली नाही. "तुजं बी कुणी ऐकंना व्हय गं लेकी," म्हणाली आणि पदराच्या गाठीतले फुटाणे तिच्या हातावर ठेवले. श्रद्धा ते हातात धरून रडली.

वर्ष उलटून गेल्यावर आदेश निघाला. क्रोटन उपटून, माती झटकून मला गावी आणलं. तोवर गायरानाभोवती तारेचं कुंपण पडलं होतं. विहीर कुंपणाच्या आत गेली होती, म्हणून अप्पांनी मला बाहेर, त्यांच्या बांधाला लागून, रस्त्याच्या कडेला ठेवलं. फेरपाहणीच्या दिवशी नागम्मा सगळी मेंढरं घेऊन हजर होती. तिने मला राखेने घासलं. अप्पांनी हळदकुंकू वाहिलं, काठावर ज्वारी ठेवली. साहेब आले, तरुण होते, अदबीने वागत होते. "हं, दाखवा आजी," ते म्हणाले.

नागम्माने घागर उचलून माझ्यात रिकामी केली. पाणी माझ्या बुडातून सरळ खाली गेलं आणि साहेबांच्या बुटांपर्यंत ओघळलं. पुढची मेंढी तोंड घालून कोरड्या दगडाला चाटत राहिली.

साहेब वाकले, भोक पाहिलं, मग लिहू लागले. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते, पंचांना कळावं म्हणून. "जागेवर फुलझाडाची एक दगडी कुंडी आढळली. बुडास छिद्र आहे. पाणवठा म्हणून वापर संभवत नाही."

अप्पांचा आवाज चढला. "अहो सायेब, भोक तुमच्याच लोकांनी पाडलंय!"

"तसा काही कागद आहे का?" साहेबांनी विचारलं. खोचकपणे नाही, अगदी मनापासून विचारलं.

कागद नव्हता. रिकामी घागर काखेत घेऊन नागम्मा कुंपणापलीकडच्या गवताकडे बघत उभी राहिली. त्या साली गवत चांगलं आलं होतं.

पुढे ते धोरण छापून आलं. श्रद्धाने एक प्रत अप्पांना पाठवली. मुखपृष्ठावर कोण आहे म्हणता? मी. पाकळ्यांनी भरलेली, आणि माझ्या काठावर नागम्माचा सुरकुतलेला हात. आत भटक्या मेंढपाळांच्या पारंपरिक शहाणपणाचं चार पानं कौतुक आहे. शेवटच्या पानांवर पडीक जमिनींची यादी आहे आणि तिच्यात हिंगणदरा आहे. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे झोपा, म्हणजे गोठ्याचं दार, बांधायलाच बैल विकला.

नागम्माने दीडशेच्या वर मेंढरं मुखेडच्या बाजारात विकली. चारायला जागा नाही तर ठेवायची कुठे? ज्या रानांत मेंढरं बसायची तिथे आता बसत नाहीत. अप्पा तेवढं म्हणतात की ज्वारीत पहिल्यासारखा दम राहिला नाही, पण त्याचा पंचनामा कोण करणार?

यंदा ती आली तेव्हा तिच्या मागे सव्वीस मेंढरं होती. चिंध्या कोंबून, चिखल लिंपून तिने भोक बुजवून पाहिलं, पण पाण्याचा जोर आला की सगळं सुटून जायचं. शेवटी अप्पांनी बोअरचा पाइप माझ्यात सोडला आणि नागम्मा लुगडं खोचून माझ्यात उतरली. भोकावर टाच घट्ट दाबून ती उभी राहिली. मेंढरं तिच्या पोटऱ्यांभोवती तोंडं घालून पाणी प्यायली. शेवटचं मेंढरू तृप्त होईपर्यंत ती हलली नाही. थंडीने तिचे पाय काळेनिळे झाले होते.

मित्रांनो, तुमच्यातलंच कुणीतरी उद्या खुर्चीत बसेल आणि देशाची धोरणं लिहील. तेव्हा एवढं करा. गायरान पाहायला मेंढरं आलेली असतील त्या महिन्यात जा. तिथल्या म्हातारीला आधी बोलू द्या, जेवण मागाहून करा. जे बघायचं ते जागेवरच बघा, आणि परत निघताना तिथलं काहीही उचलून नेऊ नका.