टाकीचं जलपूजन

मोहनरावांच्या बंगल्यावर कॉम्प्युटर जोडायचा होता आणि तो गार ठेवायला त्यात पाणी फिरवायचं होतं. कडा गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या शिवशंकरनं अशी रचना आयुष्यभर फक्त मोबाइलवर बघितली होती. त्यामुळं बोलावणं आल्यावर त्यानं कशासाठी, हे विचारलं नाही. बाशिंग बांधलेला नवरदेवही एवढ्या उत्साहात लग्नाला जात नाही.

दोन ग्राफिक्स कार्डं होती, दोन्ही विटेएवढी जाड, एकमेकांना खेटून बसणारी. दोन्हींची आग पंख्यानं विझणार नाही, पाणीच पाहिजे, असं त्यानं सोमवारी ठासून सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं. पंख्यावरही काम झालं असतं, फक्त सावकाश.

मंगळवारी टेबलावरचा फोटो त्याला दिसला. फोटोत सुग्रीव होता.

सुग्रीव मेंढरं राखायचा. गावतलावात मोहनरावांच्या सात मोटारी चालतात आणि मेंढरांना गाळ उरतो, असा अर्ज त्यानं तहसीलला दिला होता. अर्जाला पोच मिळाली. तिसऱ्या दिवसापासून सुग्रीव दिसेनासा झाला. त्याची बायको कडूबाई नऊ दिवस पोलीस ठाण्याच्या ओट्यावर बसून होती. नवरे असे जात असतात, असं तिला ठाण्यानं समजावलं होतं. शुक्रवारी जिल्ह्याचे मोठे अधिकारी तिचं ऐकणार होते. त्याआधी सुग्रीवनं व्हिडिओत येऊन सांगायचं होतं की, मी माझ्या खुशीनं पुण्याकडं कामाला आलोय, मला शोधू नका. सुग्रीव हे सांगायला उपलब्ध नसल्यामुळं फोटोवरून त्याला बोलता करणारा कॉम्प्युटर लागत होता.

मोहनरावांचा पुतण्या रविराज हे सगळं शिवशंकरसमोरच बोलला. घरातली माणसं गड्यासमोर बोलतात तसं. शिवशंकरला कळलं, आणि तरी त्यानं नळ्यांचा नकाशा पूर्ण केला. नकाशा लई देखणा झाला होता.

टाकीतून पंप, पंपातून प्रोसेसर, तिथून पहिलं कार्ड, मग दुसरं, मग गार करणारी जाळी आणि परत टाकी. मोहनरावांनी कागद उलटसुलट बघितला. पहिल्या कार्डाला गार पाणी आणि दुसऱ्याला त्याचं उष्टं, हे त्यांना खटकलं. कॅनॉलच्या शेवटच्या टोकाचा, टेलचा शेतकरी तक्रार करतो, म्हणाले. पाणी एवढ्या वेगानं फिरतं की दोन्हींत दोन-तीन अंशांचाच फरक राहतो, असं शिवशंकरनं सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं. असा कॅनॉल आपल्याकडं का होत नाही, असंही ते म्हणाले. कॅनॉलच्या समितीवर ते अठरा वर्षं होते.

पाणी आपल्याच विहिरीचं घालायचं, असा त्यांचा आग्रह होता. शिवशंकरनं ठिबकचं उदाहरण दिलं. कार्डावरच्या ठोकळ्यातली फट केसाएवढी बारीक असते, क्षार बसला की चोक. चाळीस एकर ठिबक असलेल्या माणसाला हे लगेच पटलं. बॅटरीत घालायचं पाणी आणायचं ठरलं.

बुधवारी संध्याकाळी टाकी भरली. रात्रभर नळ्यांखाली कागद पसरून ठेवले होते, एकही थेंब पडला नव्हता. गुरुवारी सकाळी शिवशंकर बटणाकडं हात नेणार, तेवढ्यात ड्रायव्हर भागवत ताट घेऊन आला. ताटात नारळ, हळद, कुंकू, अक्षता.

पंचक्रोशीत कुठंही पाणी साठलं की मोहनराव जलपूजन करत. तलाव, हापशी, फिल्टरचा प्लँट. एकदा नुसता टँकर आला होता, त्याचंही केलं होतं. पाण्याला आपला हात लागल्याशिवाय ते गावाचं होत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि गावाचीही तशी सवय झाली होती. ठिबकचा विचार त्यांच्या मनात आला नसेल असं नाही. पण ठिबक वेगळं आणि पूजा वेगळी.

त्यांनी टाकीचं झाकण काढलं आणि चिमूटभर हळद घेतली. शिवशंकरनं अडवायला तोंड उघडलं. पण ठाण्याच्या ओट्यावर डोकं टेकून बसलेली कडूबाई त्यानं येताना बघितली होती.

"चिमूटभरानं काय होतंय साहेब," तो म्हणाला. "दोन कार्डं हाईत."

मोहनरावांना त्याची भक्ती आवडली. त्यांनी मूठभर घातली. मग कुंकू, मग अक्षता.

वीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं. पाणी केशरी होऊन नळ्यांतून फिरत होतं आणि दिसायला फार सुंदर होतं. पडद्यावर सुग्रीव आला, त्यानं ओठ हलवले. तापमानाचा आकडा साठ झाला, पंच्याहत्तर झाला, पंप गुरगुरायला लागला. पंच्याण्णवला सुग्रीव तोंड उघडं ठेवून थांबला आणि पडदा काळा झाला.

खोलीतल्या सगळ्यांनी टाकीकडं बघितलं आणि मग छताकडं. साहेबांच्या हातानं बिघडलं, असं म्हणायची रीत नव्हती.

रविराजनं विचारलं, कार्डांचे मूळचे पंखे खोक्यात आहेत, तेच लावले तर रात्रीपर्यंत व्हिडिओ होईल का. शिवशंकर म्हणाला, ते आता बसत न्हाईत.

"कावून? का बसत न्हाईत?"



मोहनराव खुर्चीत पुढं सरकले. "तुला येत न्हाई, का तुला करायचं न्हाई?" आवाज वडीलधाऱ्या माणसाचा होता. "एवढंच सांग बाळा."

शिवशंकरनं तळाला तांदूळ बसलेल्या टाकीचं झाकण लावून टाकलं.

"बरं. घरी कोण कोण असतं?"

"बायको."

"तिला फोन लाव. यायला उशीर होईल म्हणावं."

त्यानं फोन लावला. वैष्णवीनं लगेच उचलला. जेवायला वाट बघायची का, म्हणाली.

"न्हाई. तू ठाण्यावर जा," शिवशंकर म्हणाला. "कडूबाईला सांग, सुग्रीवचा व्हिडिओ आला तर तो खरा न्हाई. त्यो हितं मशिनीवर बनवायलेत. मोठ्यानं सांग, ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

रविराजनं हात लांब केला तेव्हा फोन बंद झालेला होता.

मोहनराव रागावले नाहीत. त्यांनी भागवतला फक्त दार लावून घ्यायला सांगितलं. एसीची हवा बाहेर जात होती.