मिसरीच्या डब्यातली माती

"मावशी, जेवणाखाण्याशिवाय दुसरं काही पोटात जातं का?" डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली.

"न्हाई बा," जयमालाबाई म्हणाल्या. तेवढ्यात पोटात पीळ पडला. त्यांनी पदराचा बोळा दातात धरला. शेजारी सून माधुरी बसली होती, सातव्या महिन्याचं पोट सावरत.

"आतड्यात हे पांढरं बघा, खड्यांसारखं. त्याच्या मागं आतडं फुगलंय. गाठ असेल, टीबी असेल. कारण सापडलं नाही तर पोट उघडावं लागेल."

काष्टी गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून जयमालाबाईंचा काय दरारा होता! गरोदर बाईच्या तोंडाला भाजक्या मातीचा वास आला, की चारचौघींत तिची खरडपट्टी. "अंगात रगत न्हाई आन् माती खाती व्हय गं?" आणि स्वतः? लेकाच्या, तुषारच्या वेळच्या डोहाळ्यांपासून बाजारातून भाजकी माती आणून मिसरीच्या डब्यात लपवत आल्या होत्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

गेल्याच आठवड्यात माधुरीच्या हातातला मातीचा खडा त्यांनी शेजारणींसमोर हिसकावला होता. "लाज न्हाई वाटत? अंगणवाडीबाईची सून तू!" पोरगी दिवसभर रडत होती.

आता तीच शेजारी बसलेली. पोट फाडलं तरी चालेल, पण हिच्यासमोर तोंड उघडायचं नाही, असं जयमालाबाईंना वाटलं.

माधुरी हळूच उठली. "आत्या, मी भायेर थांबते. डब्यात काय ऱ्हातं ते सांगा डॉक्टरांना. जिवापरीस काय मोठं हाय?"

दार लागलं. जयमालाबाईंनी दातातला पदर सोडला.

"माती खाती मी, डॉक्टर. भाजकी. लई वर्सं झाली."

डॉक्टर हसले नाहीत. "बरं झालं सांगितलंत. ॲडमिट व्हा, आधी औषधानं पोट साफ करून बघू. कापाकापीचं नंतर."

बाहेर बाकड्यावर माधुरी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. जयमालाबाई तिच्याजवळ टेकल्या.

"तुला कवापासनं म्हाईत हुतं?"

"लगीन होऊन आले तवापासनं."

"मंग त्या दिवशी बोलली का न्हाईस? मी एवढं तोंड सोडलं तरी?"

"चारचौघी हुत्या ना, आत्या."

सासूपुढं घ्यावा तसा, सुनेपुढं जयमालाबाईंनी डोक्यावरचा पदर पार कपाळाखाली ओढून घेतला.