मामांची कवळी उणे अठरावर

माझ्या मामांची कवळी एका मंगळवारी चोवीस टन गोठवलेल्या मटारांबरोबर परदेशी गेली आणि मामा मागे राहिले.

मामा आमच्या शीतगृहात माल भरून घेणारे मुकादम. मी त्याच कंपनीत वरच्या मजल्यावर निर्यातीची कागदपत्रं करते. शीत कंटेनर भरावा तर मामांनीच. खोकी आतल्या भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर बोटभरही जाऊ देणार नाहीत. "वर हवेला वाट पाहिजे. हवा कोंडली की मटार रुसतात," असं ते इतक्या गंभीरपणे सांगतात, की नवीन माणूस मटारांची समजूत काढायला जाईल.

आत थंडी मरणाची आणि हातात जाड मोजे, त्यामुळे टाळी वाजत नाही. म्हणून मामा फोर्कलिफ्टवाल्याला जिभेने खुणा करायचे. एक 'टक्' म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब. त्या मंगळवारी गारठा इतका, की त्यांची कवळीच तोंडात कडाकडा वाजायला लागली. फोर्कलिफ्टवाला बिचारा आज्ञाधारक. पुढे, थांब, पुढे, थांब करत जागच्या जागी उड्या मारू लागला. शेवटी मामांनी वैतागून कवळी काढली, खिशातल्या साबणाच्या डबीत घातली आणि डबी शेवटच्या रांगेतल्या खोक्यावर ठेवली. माल भरून झाला. दारं लागली, सील ठोकलं, गाडी बंदराकडे सुटली.

जेवणाच्या सुट्टीत मामा धापा टाकत माझ्या टेबलाशी आले.

"माझे हात गेले!"

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. "मामा, दोन्ही जागेवर आहेत की."

"हात नाही गं! हात! हात!" असं म्हणत त्यांनी तोंडाचा आ केला. आत नुसतं मोकळं मैदान.

आम्ही दोघं मॅनेजर बाईंकडे धावलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सील तोडायचं तर पुन्हा तपासणी, पुन्हा नवी कागदपत्रं, आणि बोट संध्याकाळी सुटणार. शिवाय दार उघडलं की गरम हवा आत.

"मामा, तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाची कवळी असती, तर तुम्ही दार उघडू दिलं असतं?"

मामांनी मान हलवली. नाही. त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आवरताना मला ठसका लागला.

आता मालाबरोबर खाण्याची नसलेली वस्तू गेलीय म्हटल्यावर तिकडच्या खरेदीदार बाईंना कळवणं भाग होतं. मी जपून लिहिलं, 'खोक्यांवर चुकून एक वैयक्तिक वस्तू राहिली आहे.'

उत्तर आलं, 'कोणती?'

मी लिहिलं, 'दात.'

'कोणत्या प्राण्याचे?'

'माणसाचे.'

यावर दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी एका ओळीचं पत्र आलं, 'उरलेला माणूस कुठे आहे?'

मॅनेजर बाईंनी कपाळाला हात लावला. मग मामांना खिडकीपाशी उभं केलं, हातात त्या दिवसाच्या तारखेचा कागद दिला, तोंड उघडायला लावलं आणि फोटो पाठवला. सोबत माझं पत्र: 'उरलेला माणूस संपूर्ण असून आमच्याकडे कामावर हजर आहे. दात कृत्रिम आहेत.' खरेदीदार बाईंचं उत्तर आलं, की फोटो त्यांच्या फाइलला जोडला आहे.

प्रवास सव्वीस दिवसांचा होता. कंटेनर कुठे आहे आणि आत किती थंडी आहे, हे मला कॉम्प्युटरवर दिसायचं. सासरी गेलेल्या लेकीची चौकशी करावी तसा मामींचा रोज दहाच्या ठोक्याला फोन.

"कुठवर पोचली गं?"

"भर समुद्रात आहे, मामी. उणे अठरा."

"अगं बाई! सोसेल ना तिला?"

मामा पेज पिऊन कामावर यायचे आणि खुणांसाठी चमच्याने ताट बडवायचे. मधल्या एका बंदरात कंटेनर दुसऱ्या बोटीवर चढवताना दीड तास वीज नव्हती. आकडा उणे सोळावर आला, तेव्हा मामा माझ्या खुर्चीमागे येरझारा घालत होते. वीज आल्यावर मी म्हटलं, "कवळीला काही होत नाही हो."

"कवळी गेली खड्ड्यात," मामा म्हणाले, "मटार बघ!"

मामींनी मात्र त्यांना बळेच दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. नवी कवळी झाली, पण एक माप मोठी. ओठ मिटेनात. मामा चोवीस तास प्रसन्न दिसायला लागले. कोळंबीची अख्खी खेप परत आल्याचं मॅनेजर बाई सगळ्यांना सांगत होत्या आणि मामा समोर बसून दिलखुलास हसत होते.

"तुम्हाला यात गंमत वाटते का?" बाईंनी विचारलं.

"फार वाईट वाटलं," मामा हसत हसत म्हणाले.

सत्ताविसाव्या दिवशी तिकडच्या अन्न तपासनिसाचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, 'माल उत्तम. हवेची वाट मोकळी. दात: एक जोडी, गोठलेले, मोडतोड नाही.' 'हवेची वाट मोकळी' हे वाक्य मामांनी माझ्याकडून चारदा वाचून घेतलं.

तीन दिवसांनी मी कवळी परत पाठवायची कागदपत्रं करायला घेतली. वापरलेल्या दातांना कुठला रकाना, यावर सकाळ गेली. तेवढ्यात खरेदीदार बाईंचा व्हिडिओ कॉल आला. बाई अवघडलेल्या दिसत होत्या.

त्यांचं म्हणणं असं: कवळी नियमाप्रमाणे फ्रीजमध्ये हळूहळू वितळवली. मग औषधाच्या पाण्यात घालून ऑफिसच्या टेबलावर ठेवली. बाईंचे म्हातारे वडील रोज गोदामात येऊन बसतात. दाताच्या डॉक्टरांचं नाव काढलं तरी घर सोडून जायची धमकी देतात, सहा वर्षं नुसत्या सुपावर आहेत. काल कुणाचं लक्ष नसताना त्यांनी ती घालून पाहिली.

"मग?" मी विचारलं.

"बसली," बाई म्हणाल्या. "आता काढत नाहीत."

आणि मागून एक म्हातारा डोकावला. तो हसला. मामांचं हसू परक्या चेहऱ्यावर पाहून माझ्या अंगावर काटाच आला. मी खाली धावत जाऊन मामांना घेऊन आले. मनात म्हटलं, आता महाभारत होणार.

मामांनी पडद्याला नाक लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "विचार त्यांना, डावीकडचा सुळा टोचतो का?"

मी विचारलं. म्हाताऱ्याने डोळे विस्फारून जोरजोरात मान हलवली.

"टोचणारच! मी नऊ वर्षं सोसला. बारीक पॉलिश पेपर घ्यायला सांग. आतल्या बाजूने घासायचं, हलक्या हाताने. घाई नको. आणि वरची नीट बसली नाही, तर आधी कोमट पाण्याची चूळ."

मी एकेक वाक्य तिकडे पोचवत होते आणि बाई लिहून घेत होत्या. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, कवळी परत हवी का? वडिलांना समजावून बघतील.

"आता कसली परत?" मामा म्हणाले. "राहू दे. त्यांना म्हणावं, काहीतरी खाऊन दाखवा."

म्हाताऱ्याला सांगावं लागलं नाही. त्याने कुठूनसं एक सफरचंद आणलं, शर्टाला पुसलं आणि कचकन चावा घेतला. रस हनुवटीवरून ओघळला. बाई एकदम तोंड फिरवून डोळे पुसायला लागल्या.

मामांनी दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवल्या. मोजे नव्हते, त्यामुळे चांगल्या खणखणीत वाजल्या. मग ते माझ्याकडे वळले.

"पोरी, त्यांना सांग, साल काढून खा म्हणावं. फटीत अडकते."